बर्फाळ समुद्रातली शिरगणती

गटाची बैठक भरली की सगळ्यात आधी हजेरी होते. किती जणी आल्या, किती जणींची बचत जमा झाली, कुणाचा हप्ता राहिला, हे वहीत उतरल्याशिवाय पुढचा विषय निघत नाही. मोजणी चुकली की वाटणी चुकते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आज आम्ही तुम्हाला एका फार लांबच्या मोजणीचा इतिहास सांगणार आहोत. पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे, जिथे समुद्राचं पाणी हिवाळ्यात गोठतं, तिथे सील नावाच्या प्राण्याची शिरगणती दीडशे वर्षांपासून चालू आहे. ती करताना माणसं कुठे चुकली, चुकीची किंमत कुणी मोजली आणि त्या मोजणीत तिथल्या बायामाणसांना कुठे जागा मिळाली, हे आज बघू. देश लांबचा आहे, पण ऐकताना तुम्हाला बरंच काही ओळखीचं वाटेल.

आधी सील म्हणजे काय ते सांगतो. काही जुन्या पुस्तकांत त्याला सील मासा म्हटलंय, पण तो मासा नाही. आपल्या गाई-म्हशींसारखा तोही पिल्लाला जन्म देतो आणि अंगावर पाजतो. पायांच्या जागी वल्ह्यांसारखे अवयव असतात. खाणं समुद्रात आणि बाळंतपण जमिनीवर किंवा बर्फावर, असा त्याचा संसार दोन घरांत विभागलेला असतो. मोजणीची सगळी अडचण इथूनच सुरू होते. एका वेळी सगळे कधीच एका जागी सापडत नाहीत.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेचं अलास्का एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या बाजूला, यांच्या मधोमध बेरिंग समुद्र आहे. उत्तर ध्रुवाकडे जाणाऱ्या पाण्याचा हा उंबरठाच. तिथे प्रिबिलॉफ नावाची छोटी बेटं आहेत. सेंट पॉल आणि सेंट जॉर्ज ही त्यातली मोठी. दरवर्षी उन्हाळ्यात लाखो फर सील या बेटांच्या खडकाळ किनाऱ्यावर विणीसाठी येतात. फर म्हणजे अंगावरची दाट मऊ लव. या सीलच्या कातडीवर एका चौरस इंचात सुमारे ३ लाख केस असतात. थंड पाण्यात जीव वाचवणारी ही लवच पुढे त्यांच्या जिवावर उठली.

आधी नर येऊन जागा धरतात. जून-जुलैत माद्या येतात आणि पोचल्यावर एक-दोन दिवसांतच व्यायतात. पिल्लू एकच, रंगाने काळं. आई काही दिवस त्याला पाजते आणि मग स्वतःच्या पोटासाठी समुद्रात जाते. मासे खाऊन परत यायला तिला कधी कधी आठवडासुद्धा लागतो. तोवर पिल्लू किनाऱ्यावर उपाशी वाट बघतं. परतल्यावर हजारो पिल्लांच्या कालव्यात आई आपलं पिल्लू आवाजावरून हुडकते. दुसऱ्याच्या पिल्लाला ती सहसा पाजत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा हिशोब याच जागी येऊन अडला.

ही बेटं आधी निर्मनुष्य होती. १७८६ साली गाव्रील प्रिबिलॉफ हा रशियन दर्यावर्दी तिथे पोचला आणि फरच्या व्यापाऱ्यांना जणू सोन्याची खाण सापडली. पण सील मारणार कोण, कातडी सोलणार कोण? त्यासाठी दक्षिणेकडच्या बेटांवरून उनांगन लोकांना आणून तिथे वसवलं. बाहेरचे लोक त्यांना अल्यूट म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेली ही माणसं दुसऱ्यांच्या व्यापारासाठी आपल्या गावातून उपटून या बेटांवर लावली गेली.

१८६७ मध्ये रशियाने सगळं अलास्का ७२ लाख डॉलरला अमेरिकेला विकलं. बेटं गेली, सील गेले आणि त्यांच्याबरोबर माणसंही नव्या मालकाकडे गेली. अमेरिकेच्या सरकारने १८७० मध्ये एका व्यापारी कंपनीला २० वर्षांचा मक्ता दिला. वर्षाला १ लाख नर सील मारायची परवानगी होती. हा आकडा ठरला तेव्हा बेटांवर एकूण सील किती, हे कुणी नीट मोजलेलं नव्हतं.

मग १८७२ मध्ये हेन्री वुड इलियट नावाचा तरुण सरकारी माणूस म्हणून तिथे गेला. चित्रं सुरेख काढायचा. सेंट पॉलवरच्याच एका कुटुंबातल्या अलेक्झांड्रा मेलोविडोव्ह यांच्याशी त्याने लग्न केलं. त्याने सील मोजायचं मनावर घेतलं. एकेक मोजणं तर शक्य नव्हतं. म्हणून त्याने सीलने व्यापलेल्या जमिनीची मापं घेतली, नकाशे काढले आणि एका सीलला सरासरी २ चौरस फूट जागा लागते असं धरून भागाकार केला. उत्तर आलं सुमारे ३२ लाख. विणीच्या जागेबाहेरचे तरुण नर वगैरे १५ लाख धरून एकूण ४७ लाख.

आपल्याकडे पीक कापणीचा प्रयोग होतो ना, तशीच ही रीत. शेतातल्या एका चौकोनातलं पीक कापून वजन करतात आणि सगळ्या शिवाराला गुणून उतारा काढतात. चौकोन चांगल्या जागचा निघाला तर कागदावर सोळा आणे पीक दिसतं आणि घरात मात्र कणगी रिकामी राहते. इलियटच्या हिशोबात जमिनीचं माप बऱ्यापैकी होतं, पण २ चौरस फूट ही जागा फार कमी धरली होती. नंतरच्या अभ्यासकांच्या मते त्याचा आकडा खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होता. पण तो छापला गेला, सगळीकडे पसरला आणि सगळ्यांची खात्री पटली की सील इतके आहेत, तर वर्षाला लाख मारले म्हणून काय बिघडतं?

बेटांवर निदान नरच मारायचे असा नियम होता. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे तरुण नर कमी झाले तरी पिल्लांची संख्या लगेच घटत नाही. खरं संकट आलं समुद्रातून. १८८० नंतर शिडाची जहाजं खोल समुद्रात जाऊन पोहणारे सील मारू लागली. पाण्यातल्या सीलचं डोकं तेवढं दिसतं. नर की मादी, कसं ओळखणार? आणि चारा शोधायला लांब गेलेल्या बहुतेक माद्याच असायच्या. गोळी लागलेले बरेच सील हाती यायच्या आत बुडून जात, त्यांची तर नोंदच नाही. १८९४ या एका वर्षात अशी ६० हजारांहून जास्त कातडी बाजारात गेली.

आता मघाची गोष्ट आठवा. समुद्रात एक मादी मेली की हिशोबात एक कातडी लिहिली जायची. पण तिचं पिल्लू किनाऱ्यावर भुकेने मरत होतं. तिच्या पोटात पुढच्या वर्षीच्या पिल्लाचं बीजही असायचं, कारण व्यायल्यावर थोड्याच दिवसांत ती पुन्हा फळते. जीव तीन गेले आणि वहीत नोंद झाली एकाची.

१८९० मध्ये इलियट पुन्हा बेटांवर आला. जिथे चालायला जागा नव्हती तिथे गवत उगवलं होतं. या वेळी त्याचा आकडा आला १० लाखांच्या आसपास. त्याने सरकारला कडक शब्दांत लिहिलं की समुद्रातली आणि जमिनीवरची, दोन्ही शिकार थांबवा. वरच्यांना ते रुचलं नाही आणि त्याची नोकरी गेली. पुढची २० वर्षं तो या एकाच प्रश्नासाठी भांडत राहिला.

तिकडे देशादेशांत वाद पेटला. अमेरिकेने कॅनडाकडची जहाजं पकडली. कॅनडाच्या वतीने इंग्लंड बोलायला उभं राहिलं. समुद्र कुणाच्या मालकीचा, असा प्रश्न १८९३ मध्ये पॅरिसच्या लवादापुढे गेला. निकाल अमेरिकेच्या विरुद्ध लागला. खुल्या समुद्रातले सील कुणा एकाचे नाहीत असं ठरलं. बेटांभोवती ६० मैलांत समुद्री शिकार बंद केली, पण चाऱ्याला गेलेल्या माद्या ६० मैलांच्याही पलीकडे जात होत्या.

मग १८९६ आणि १८९७ मध्ये अमेरिका आणि इंग्लंड, दोघांनी आपापले शास्त्रज्ञ पाठवले. अमेरिकेकडून डेव्हिड स्टार जॉर्डन होते, इंग्लंडकडून डार्सी थॉम्पसन. या वेळी मोजायची रीत बदलली. जमीन मोजण्याऐवजी पिल्लं मोजायची असं ठरलं. आया येतात जातात, नर भटकतात, पण पहिले काही आठवडे पिल्लू कुठेही जात नाही. शिवाय एका आईला एकच पिल्लू, म्हणजे जितकी पिल्लं तितक्या व्यायलेल्या आया. आजही जगभर बऱ्याच जातींचे सील मोजताना पिल्लांपासूनच सुरुवात करतात.

त्या मोजणीत आणखी एक काम झालं, आणि आम्हाला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. भुकेने मेलेली पिल्लंही मोजली गेली. रोगाने मेलेली किती, चेंगरून मेलेली किती आणि उपासाने रिकाम्या पोटी मेलेली किती, हे वेगवेगळं लिहिलं गेलं. तोपर्यंत समुद्रातल्या शिकारीने फार नुकसान होत नाही असं म्हणता येत होतं. मेलेल्या पिल्लांचा आकडा कागदावर आल्यावर ते म्हणणं अवघड झालं. नुसतं दुःख सांगून जे मान्य होत नाही, ते कधी कधी मोजून सांगितलं की मान्य करावं लागतं.

तरीही करार व्हायला १९११ साल उजाडलं. ७ जुलै १९११ रोजी अमेरिका, इंग्लंड, रशिया आणि जपान या चौघांनी सही केली. समुद्रातली शिकार बंद. सील फक्त विणीच्या बेटांवर, हिशोबाने मारायचे. ज्यांच्याकडे अशी बेटं नव्हती किंवा फारच थोडी होती, त्यांचं काय? अमेरिका आणि रशियाने आपापल्या बेटांवरच्या कातड्यांतला १५ टक्के वाटा कॅनडाला आणि १५ टक्के जपानला द्यायचा. म्हणजे जहाजं बंदरात उभी ठेवली तरी उत्पन्न मिळणार. होड्या आणि भाले घेऊन जुन्या पद्धतीने शिकार करणाऱ्या किनाऱ्यावरच्या आदिवासींना सूट दिली. रानातल्या जनावराच्या रक्षणासाठी झालेल्या पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय करारांत हा गणला जातो. तो टिकला, कारण वाटणी सगळ्यांना पटण्यासारखी होती.

१९१२ च्या मोजणीत प्रिबिलॉफवर फक्त २ लाख १६ हजारांच्या आसपास सील उरले होते. पुढची काही वर्षं व्यापारी शिकार थांबवली, आणि कळप वाढू लागला. पिल्लं इतकी झाली की एकेक मोजणं अशक्य झालं. तेव्हा साहेबांनी सोपा मार्ग काढला. दरवर्षी ठरावीक टक्के वाढ धरायची आणि गेल्या वर्षीच्या आकड्यात मिळवायची, बँकेतल्या ठेवीवर व्याज चढतं तसं. कागदावरचे सील वाढत गेले. किनाऱ्यावर जाऊन बघितलं तेव्हा, १९५० च्या आसपास, कळलं की कागदावरचा आकडा फारच फुगलेला आहे. जनावर काही ठेव नव्हे. जागा संपते, मासे कमी पडतात, पिल्लं मरतात, आणि वाढ थांबते.

मग नवी युक्ती निघाली. ती आपण घरातल्या सुपात करून बघू शकतो. सुपात ज्वारी घ्या. त्यातले १०० दाणे हळदीत रंगवा आणि नीट मिसळा. आता डोळे मिटून ५० दाणे उचला. त्यात ५ पिवळे निघाले, म्हणजे दहातला एक पिवळा. रंगवलेले १०० होते, तर सुपात सगळे मिळून साधारण १,००० दाणे. एकेक न मोजता अंदाज मिळाला, आणि तोही बऱ्यापैकी भरवशाचा.

प्रिबिलॉफवर हळदीऐवजी कात्री वापरली. पिल्लाच्या डोक्यावरची थोडी काळी लव कातरली की खालची फिकट लव दिसते. न दुखवता केलेली खूण, आणि पुढे ती आपोआप भरून येते. ऑगस्टमध्ये हजारो पिल्लांच्या डोक्यांवर अशी खूण करायची, त्यांना कळपात मिसळू द्यायचं आणि काही दिवसांनी बघायचं की दर शंभरात खुणेची किती. १९६० नंतर ही रीत रुळली आणि आजही चालू आहे. ही खरीखुरी शिरगणती.

मोजायची रीत सुधारली, पण त्या आकड्यांवरून घेतलेला निर्णय शहाणपणाचाच असेल असं नाही. १९५६ ते १९६८ या काळात सरकारी तज्ज्ञांनी ठरवलं की माद्या थोड्या कमी केल्या तर उरलेल्यांना चारा जास्त मिळेल, पिल्लं जास्त जगतील आणि उत्पन्न वाढेल. ३ लाखांच्या आसपास माद्या मारल्या गेल्या. उत्पन्न वाढलं नाही, कळप मात्र घटला. १९८४ मध्ये सेंट पॉलवरची व्यापारी शिकार कायमची थांबली आणि १९८८ मध्ये या कळपाला 'घटलेला' असा कायदेशीर दर्जा द्यावा लागला. आज तिथल्या कळपाचा अंदाज ६ लाखांच्या आसपास धरतात. शिकार थांबूनही प्रिबिलॉफवरची पिल्लं कमी होत गेली. मासेमारीमुळे अन्न कमी पडतं का, समुद्र तापतोय म्हणून का, यावर अजून अभ्यास चालू आहे.

आतापर्यंत सीलचा हिशोब सांगितला. आता माणसांचा सांगतो.

या सगळ्या वर्षांत बेटांवरचे उनांगन लोक काय होते? मालक नव्हते, भागीदार नव्हते आणि स्वतंत्र मजूरही नव्हते. कित्येक दशकं सरकारच त्यांचं मालक, दुकानदार आणि पोलीस होतं. मजुरीचा मोठा भाग रोखीत न देता दुकानातल्या मालात द्यायचे. बेट सोडायचं तर परवानगी लागे. शाळेत मुलांना आपली भाषा बोलू देत नसत. एकेका कातडीची नोंद ठेवणाऱ्या सरकारला या माणसांचं देणं मोजायची गरज वाटली नाही.

जून १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, जपानने जवळच्या डच हार्बरवर बाँब टाकले. तेव्हा अमेरिकेच्या सरकारने दोन्ही बेटांवरच्या साडेचारशेहून जास्त लोकांना घाईघाईने बोटीत भरलं आणि अलास्काच्या आग्नेय टोकाला फंटर बे इथे नेऊन ठेवलं. जागा म्हणजे मासे डबाबंद करायचा बंद पडलेला जुना कारखाना आणि एक सोन्याची खाण. मोडकळीला आलेल्या इमारती, आडोसा नाही, चांगलं पाणी नाही, थंडीला पुरेशी ऊब नाही. आजार पसरले. म्हातारी माणसं आणि लहान मुलं दगावली.

मैत्रिणींनो, तेव्हा लेखणी उचलली ती बायकांनी. ऑक्टोबर १९४२ मध्ये सेंट पॉलच्या बायकांनी एक अर्ज लिहिला आणि पन्नासच्या आसपास जणींनी त्यावर सह्या केल्या. ही जागा माणसाने राहण्यासारखी नाही, पाणी पिण्यासारखं नाही, मुलं आजारी आहेत, हिवाळा तोंडावर आला आहे, आम्हाला चांगल्या जागी हलवा, आणि आमच्याबद्दल बोलायचा हक्क आम्हालाही आहे, असा त्याचा आशय होता. अर्जाने त्यांना घरी जाता आलं नाही. उलट १९४३ च्या उन्हाळ्यात सील मारायला माणसं हवीत म्हणून पुरुषांना बेटावर परत नेलं आणि बायका-मुलं शिबिरातच राहिली. त्या एका हंगामात १ लाखाहून जास्त कातडी निघाली. कुटुंबं घरी परतली ती १९४४ मध्ये.

पण तो कागद वाया गेला नाही. पुढे लोकांनी सरकारवर दावा केला. १८७० पासून आम्हाला कसं वागवलं, याचा हिशोब मागितला. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांना ८५ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. १९८८ मध्ये युद्धकाळातल्या हालांबद्दल संसदेने वेगळा कायदा करून भरपाई दिली. बायकांचा तो अर्ज आज इतिहासात पुरावा म्हणून वाचला जातो. आपण ग्रामसभेत पाण्यासाठी अर्ज देतो, पोच घेतो आणि वाटतं, याने काय होणार? पोच जपून ठेवा.

आता थोडं आणखी उत्तरेला जाऊ, जिथे सील जमिनीवर येतच नाहीत, तरंगत्या बर्फावरच व्यायतात. तिथे मोजणी आणखी अवघड. हार्प नावाच्या सीलचं पिल्लू जन्मतः पांढरंशुभ्र असतं. पांढऱ्या बर्फावर पांढरं पिल्लू, विमानातून दिसणार कसं? १९७४ च्या सुमारास लविन आणि ऑरिट्सलँड या शास्त्रज्ञांना एक गोष्ट सापडली. सूर्यप्रकाशात आपल्याला न दिसणारे अतिनील किरण असतात. बर्फ ते परत फेकतो, पिल्लाची लव मात्र शोषून घेते. त्या किरणांत फोटो काढला तर बर्फ पांढरा आणि पिल्लू काळं दिसतं. डोळ्याला जे दिसत नव्हतं ते फोटोत ठिपक्यासारखं मोजता आलं.

रिंग्ड नावाचे सील तर बर्फावरच्या साचलेल्या हिमात पोकळी करून तिच्या आत पिल्लं ठेवतात. वरून काहीच दिसत नाही. कॅनडात अभ्यासकांनी शिकवलेले कुत्रे नेले, आणि कुत्र्यांनी वासावरून ती घरं दाखवली. इन्युइट शिकारी कुत्र्यांच्या नाकावर पिढ्यान्‌पिढ्या भरवसा ठेवत आले होते. शास्त्रज्ञांनी तीच वाट धरली. अलीकडे, २०१२ आणि २०१३ मध्ये, अमेरिका आणि रशियाच्या विमानांनी बेरिंग समुद्राच्या बर्फावर उष्णता टिपणारे कॅमेरे फिरवले. थंड बर्फावर सीलचं ऊबदार अंग उजळ ठिपक्यासारखं दिसतं. जे पाण्याखाली आहेत त्यांचं काय? त्यासाठी काही सीलना छोटं यंत्र चिकटवतात. ते दिवसातला किती वेळ बर्फावर असतात हे त्यावरून कळतं आणि तेवढी भर आकड्यात घालतात. आपल्याकडे बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावरून जनावरं मोजतात, तिथेही हाच प्रश्न असतो. त्या रात्री जे पाण्यावर आलंच नाही, ते जंगलात नाही असं कसं म्हणणार?

आणि एकदा असंही झालं की आकडा एक सांगत होता आणि जग दुसरंच ऐकत होतं. हार्प सीलच्या पांढऱ्या पिल्लांची शिकार बघून युरोपातले लोक हळहळले. १९८३ मध्ये युरोपने त्या पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. कळवळा खरा होता. इन्युइट लोकांना त्यात सूटही होती. ते मोठे सील मारत, मांस खात, आणि त्यांच्या बायका अर्धचंद्रासारख्या उलू नावाच्या सुरीने कातडं साफ करून पाणी न शिरणारे बूट-कपडे शिवत. पण बाजार कुणाचं कातडं कुठलं हे विचारत बसला नाही. सगळ्याच कातड्यांचे भाव कोसळले आणि आर्क्टिकमधल्या गावांचं रोख उत्पन्न आटलं. पुढच्या काळात वायव्य अटलांटिकमधले हार्प सील वाढत जाऊन ७० लाखांच्या घरात गेले, तरी इन्युइट बायकांचा बाजार काही पहिल्यासारखा झाला नाही. आलेथिया आर्नाकुक-बारिल या इन्युइट बाईंनी २०१६ मध्ये यावर माहितीपट काढला. त्यांच्या लोकांचं म्हणणं असं, की आमच्याबद्दल निर्णय घ्यायच्या आधी आम्हाला विचारा.

प्रिबिलॉफवर ते विचारणं थोडं उशिरा का होईना, सुरू झालं. २००० साली सेंट पॉलच्या उनांगन समाजाने सरकारशी करार केला. सीलची देखरेख आता दोघं मिळून करतात. किनाऱ्यावर नोंदी ठेवणाऱ्यांत बेटावरचे लोक आहेत. ज्यांचे आजे-पणजे तिथे हुकमाचे मजूर होते, त्यांच्याकडे आज नोंदवही आहे.

मैत्रिणींनो, हा भाग ऐकून किंवा वाचून झाल्यावर पुढच्या बैठकीत तीन गोष्टींवर बोला. पहिली, आपल्या गावाबद्दल सरकारी कागदावर कोणते आकडे आहेत, विहिरींचे, जनावरांचे, दारिद्र्यरेषेखालच्या घरांचे, आणि ते मोजायला शेवटचं कोण, कधी आलं होतं? दुसरी, त्या मोजणीत कोण सुटलं? उसतोडीला गेलेली कुटुंबं, माहेरी राहणाऱ्या एकट्या बायका, नाव नसलेल्या जमिनी कसणाऱ्या जणी? तिसरी, आपण स्वतः काय मोजू शकतो? उन्हाळ्यात विहिरीचं पाणी दर आठवड्याला किती खाली गेलं, एवढं दोरीने मोजून वहीत लिहिलं तरी पुढच्या वर्षी टँकर मागताना हातात काहीतरी असेल. लिहिताना तारीख घाला, आणि मोजणाऱ्या दोघी-तिघींच्या सह्या घ्या.